नको म्हणायची रीत

रेणापूर,
२६ मे २०२६

दयानंदराव यांस,
व्यंकटचा रामराम.

पत्र बघून नवल वाटेल. फोन करणार होतो, पण अनुसया म्हणाली, "भाऊजी, सकाळचा एक तास सोडला तर यांचा मोबाईल कपाटात असतो. डोळ्याला आणि कानाला बी आहार मोजून द्यायचा म्हणे." म्हणजे तुम्ही स्वतः उपाशी राहता ते राहता, फोनला बी उपाशी ठेवता. बरंच झालं. फोनवर बोलायचं म्हटलं की सिंधु शेजारी कान देऊन बसते, आणि मला जे बोलायचंय ते तिच्यापुढं बोलवत न्हाई.

परवा रविवारी अहमदपूरला सासुरवाडीत आपल्या दोघा साडूंचं धोंडेजेवण झालं. अधिक महिना तीन वर्षांनी एकदा येतो. जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, वाण द्यायचं. मी तीन वर्षं वाट बघितली हो. सकाळी चहासुद्धा घेतला न्हाई.

तुम्ही पानावर बसलात ते पाठ ताठ करून. मग एक नाकपुडी दाबून श्वास बघितला. म्हणे उजवी नाकपुडी चालू असली की पोटातला अग्नी जागा असतो, तेव्हाच जेवावं. मामींसारखी सासू तुपाची वाटी हातात धरून तुमच्या नाकाच्या परवानगीची वाट बघत उभी. मग तुम्ही एक धोंडा घेतला आणि डोळे मिटून असा चावत बसलात की तेवढ्यात माझे चार संपले. मामी म्हणाल्या, "किती शांतपणे जेवतात दयानंदराव." ते बी माझ्याकडं बघून म्हणाल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

आता मुद्द्याचं सांगतो. मामी पातेलं घेऊन परत आल्या. मी म्हणालो, "नको," आणि पानावर हात आडवा धरला. दयानंदराव, तुम्ही बी मराठवाड्यातलेच. हात आडवा धरण्याचा अर्थ तुम्हाला सांगायला पाहिजे का? जावई नको म्हणतो, सासू गळ्याची आण घालते, जावई हात जरासा उचलतो, आणि धोंडा पानात पडतो. लग्न झाल्यापासून आमचं हे असंच चालत आलंय. या खेपेला मामी म्हणाल्या, "बरं." आणि पातेल्यावर झाकण ठेवलं.

मी हात तसाच आडवा धरून बसलो. आत जाता जाता त्या म्हणाल्या, "आग्रह करू नये, पोटाचं पोटाला कळतं. दयानंदरावांनी सांगितलंय."

वाणाचे नवे कपडे अंगावर घालून मी अहमदपूरच्या स्टँडवर उभं राहून भजे खाल्ले. सिंधु दुसरीकडं तोंड करून उभी होती.

तुम्हाला हसू येत असेल. पण मी तिसरीत असताना माझी आई गेली. घरात भाकरी मिळायची, न्हाई असं न्हाई. पण "अजून एक घे" म्हणणारं कुणी नव्हतं. ते पहिल्यांदा मामी म्हणाल्या, लग्नाच्या मांडवात. मी आधी नको म्हणतो ते त्यासाठीच, त्यांनी परत म्हणावं म्हणून. तुम्हाला जेवायचं नव्हतं तर न जेवायचं. माझ्या पानात कशापायी हात घातला?

आणि हो, माझ्या साखरेच्या आजाराचं मामींपुढं काढू नका. सिंधुलाही मी शपथ घातलीय. त्यांना कळलं तर पुरण कायमचंच बंद होईल.

तुमचा,
व्यंकट


मुदखेड,
१ जून २०२६

आदरणीय व्यंकटराव यांस,
सप्रेम नमस्कार.

आपलं पत्र दुपारी मिळालं. मी ते जेवण पूर्ण पचल्यावर वाचलं. रागाचा मजकूर जेवताना वाचला तर अन्नाचं विष होतं, हे आपणही लक्षात ठेवावं.

आपण नाराज झालात याचं वाईट वाटलं. पण शास्त्र कुणाची नाराजी बघत नाही. पोटाचे चार भाग कल्पावेत. दोन भाग अन्न, एक भाग पाणी, आणि चौथा भाग वाऱ्याला फिरायला मोकळा. याला मिताहार म्हणतात. आधीचं पचल्याशिवाय पुढचं खाऊ नये, आणि सूर्य मावळायच्या आत रात्रीचं उरकावं. उन्हाळ्यात जठराग्नी मुळातच मंद असतो, आणि पुरण तर पचायला जड. रेल्वेच्या तिकीट खिडकीत बसून मी अनेक वर्षं आंबट ढेकर देत काढली, ते आपण पाहिलंच आहे. आज माझ्या घरात पित्ताची गोळी नाही.

आग्रहाबद्दल म्हणाल तर तो वाढणाऱ्याचाही दोष आणि खाणाऱ्याचाही. मामींना हे पटलं. इतकं पटलं की येत्या गुरुवारी त्या आमच्याकडे येत आहेत आणि आठ-दहा दिवस राहणार आहेत. माझ्या पद्धतीचा स्वयंपाक त्यांना नीट शिकून घ्यायचा आहे. मी काही बोलावलं नव्हतं, त्यांनीच विचारलं.

एक सूचना. माझं बघून आपण उपवास धरू नये. आपल्याला मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक वेळसुद्धा चुकवू नका. लंघन प्रत्येकाला सोसत नाही.

आपला,
दयानंद


रेणापूर,
८ जून २०२६

दयानंदराव यांस,
रामराम.

तुमचं पत्र मी जेवतानाच वाचलं. विष झालं.

मामी तुमच्याकडं आठ-दहा दिवस. वा. इथं सिंधु दर उन्हाळ्यात बोलावून दमते. "लेकीच्या घरी किती राहावं, लोक काय म्हणतील," असं म्हणून मामी दोन रात्रीच्या वर कधी टेकल्या न्हाईत. पिशवी खुंटीला लावायच्या आत परत निघतात. तुमच्याकडं बरं लोक काही म्हणत न्हाईत. मुदखेडचे लोक लईच चांगले दिसतात.

"मी काही बोलावलं नव्हतं, त्यांनीच विचारलं." हे वाक्य तुम्ही मला डिवचायलाच लिहिलंय. खोटं असंल तर कळवा.

तुम्ही नका धरू म्हणालात, त्याच दिवशी मी उपवास धरला. चतुर्थी धरली, शनिवार धरला, आज सोमवार धरला. साबुदाणा, भगर, शेंगदाण्याची आमटी, वर रताळ्याचा गोड कीस. आठवडा व्हायच्या आत पँटचं बटन लागंना झालं. सिंधु म्हणाली, "उपवास तुमचा आहे का पोटाचा सण आहे?" शेजारचा वीरभद्र बांधावरून विचारतो, काका, आज उपवासाला काय हाय, मी बी येऊ का.

तेव्हा मी ठरवलं. गुरुवारी अधिकातली एकादशी आहे. त्या दिवसापासून अमावास्येपर्यंत पाण्याशिवाय काही घेणार न्हाई. तुम्ही मोजून जेवता, मी एकही वेळ जेवणार न्हाई. मग बघू मामी कुणाला शांत म्हणतात ते. गोळ्यांची चिंता नको, त्या मी रोज नेमानं घेणार. तेवढी अक्कल मला बी आहे.

हे मामींना जरूर सांगा. माझ्या तोंडून बरं दिसणार न्हाई.

व्यंकट


रेणापूर,
१८ जून २०२६

दयानंदराव यांस,

लातूरला दवाखान्यात तुम्ही मामींना घेऊन आलात तेव्हा मी झोपलो नव्हतो. डोळे मिटून पडलो होतो. तुमचं तोंड बघायचं नव्हतं.

काय झालं ते सिंधुनं सांगितलंच असंल, तरी माझ्याकडून ऐका. एकादशी पार पडली. दुसऱ्या दिवशी उठून गोळी घेतली आणि सोयाबीनचं बी घ्यायला दुकानात गेलो. रांगेत उभा होतो. दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, पुढचं आठवत न्हाई. दुकानदारानं सिंधुला फोन लावला, ती रिक्षा घेऊन धावत आली. लातूरच्या डॉक्टरनं मला असं झापलं की वॉर्डातले लोक उठून बसले. पोटात अन्नाचा कण न्हाई आणि वर साखर उतरवायची गोळी घेतली, म्हणून साखर पार तळाला गेली म्हणे. अजून थोडा वेळ गेला असता तर सिंधुचं कपाळ पांढरं झालं असतं. मी आपला गोळी चुकवली न्हाई म्हणून स्वतःवर खूश होतो.

चूक झाली, कबूल. पण मला जे लागलं ते वेगळंच.

दुसऱ्या दिवशी मामी डबा घेऊन आल्या. मला वाटलं, आता तरी मायेनं काही आणलं असंल. उघडला तर चतकोर ज्वारीची भाकरी, मुगाचं वरण, दोडक्याची भाजी आणि काकडी. मामी म्हणाल्या, "आधी काकडी खा, दयानंदरावांनी सांगितलंय. भाकरी शेवटी, दयानंदरावांनी सांगितलंय. हळू चावा." प्रत्येक घासाला तुमचं नाव. मरता मरता वाचलो तरी माझ्या ताटात तुम्हीच. मी डबा सरकवला आणि भिंतीकडं तोंड केलं. मामींनी तो उचलला, पदरानं पुसला आणि बाहेर जाऊन बाकावर बसल्या.

आता त्या इथं रेणापूरला आल्यात, माझी तब्येत सुधारेपर्यंत राहतो म्हणतात. लोकांचं काय झालं कुणास ठाऊक. दोन्ही वेळा डबा भरावा तसं मोजून ताट वाढतात. मी निम्मं ठेवून उठतो.

तुम्ही जिंकलात. एवढं कळवायलाच लिहिलं. आता परत पत्र नको.

व्यंकट


मुदखेड,
२३ जून २०२६

व्यंकटराव,

तुम्ही येडे आहात. मोठे साडू आहात म्हणून आजवर अहो-जाहो करत आलो, आजही करतो, पण तुम्ही येडे आहात.

मामींना तुमच्या साखरेचं संक्रांतीपासून ठाऊक आहे. सिंधुताईंनी शपथ मोडली, आईपुढं रडल्या आणि सगळं सांगितलं. तेव्हापासून मामींच्या जिवाला घोर. धोंडेजेवणाच्या आधी, माझा फोन ज्या एका तासात चालू असतो त्या तासात, रोज त्यांचा फोन. व्यंकटरावांना धोंडे वाढू का नको? वाढले तर किती? नाही वाढले तर त्यांना काय वाटेल? मी म्हणालो, लहान करा, गूळ कमी घाला, चारच्या वर देऊ नका. तुमच्या पानातले धोंडे माझ्या धोंड्याच्या निम्मे होते. तुम्हाला दिसलं नाही, कारण तुम्ही माझ्या नाकाकडं बघत होतात.

"आग्रह करू नये" हे त्यांनी माझ्या नावावर खपवलं. आधी विचारलं होतं मला. म्हणाल्या, "साखरेचं मला कळलंय हे त्यांना समजलं तर ओशाळतील. तुमचं नाव सांगू का?" मी हो म्हणालो. तुम्ही हात आडवा धरलात, त्यांनी झाकण ठेवलं, आणि आत जाऊन तोंडात पदर कोंबून रडल्या. अनुसया तिथंच होती.

आणि मुदखेडला येणं. माझा स्वयंपाक शिकायला येताहेत असं मी तुम्हाला लिहिलं. खोटं नव्हतं ते, पण कुणासाठी शिकायचंय ते मी लिहिलं नाही. इथं आल्यापासून दवाखान्याचा फोन येईपर्यंत रोज तेच. हे व्यंकटरावांना चालेल का? भाकरी ज्वारीची बरी का बाजरीची? त्यांना दोडका आवडत नाही, मग कशानं गोड लागेल? कडू कारलं त्यांच्या गळी कसं उतरवू? मी अनुसयाला म्हणालो, आपल्या घरात साडू राहायला आलेत आणि मी पाहुणा आहे.

त्यांना साखरेचं कळलंय हे बोलू नका म्हणून मामींनी मला शपथ घातली होती. पण खरं सांगतो, शपथ नसती तरी मी तुम्हाला सांगितलं नसतं. तुम्ही जळताय हे वाचून मला बरं वाटत होतं. एकदा तरी तुम्ही माझ्यावर जळलात. तुम्ही उपाशी राहणार हे पत्र माझ्या हातात पडलं तेव्हा तुम्ही दवाखान्यात होतात. त्या दिवसापासून मला नीट झोप नाही.

माझं लग्न झालं तेव्हापासून बघतोय. पहिल्याच धोंड्याला मामी तुमच्याजवळ बसल्या होत्या, तुम्ही खात होतात, त्या हसत होत्या, सगळं घर तुमच्या पानाभोवती गोळा झालं होतं. मी दोन धोंड्यांत गार झालो. खाण्यात तुमच्यापुढं टिकणं शक्य नव्हतं, म्हणून मी न खाण्यात नंबर काढला. योगाचा, आयुर्वेदाचा मला फायदा झाला, पित्त गेलं, ते मी सोडणार नाही. पण पाठ ताठ करून, डोळे मिटून मामींसमोर बसतो ते पित्तासाठी नाही.

आणि मिळालं काय? मामी माझं कौतुक करतात आणि तुमची काळजी करतात. माझ्या पानापुढं हात जोडून उभ्या राहतात आणि म्हणतात, दयानंदरावांना काही लागत नाही. लागतं हो. इतके दिवस माझ्या घरात राहिल्या, एकदा म्हणून मला विचारलं नाही की पोट भरलं का.

त्यांनी वाढलेल्या ताटातलं निम्मं ठेवून उठू नका. ते ताट माझं नाही, तुमचंच आहे.

दयानंद


अहमदपूर बसस्टँड,
१ जुलै २०२६

दयानंदराव,

हे पत्र मी घरी सुरू केलं आणि इथं बाकावर बसून पुरं करायलोय. टपालात टाकणार न्हाई. कोण आणून देतंय ते तुम्हाला दिसलंच असंल.

तुमचं पत्र आलं. आधी मी सिंधुवर भडकलो. ती म्हणाली, "मोडली शपथ, परत घाला, परत मोडीन."

तुम्ही खरं लिहिलंत, मी बी खरं लिहितो. तुमचं पत्र वाचून मला आनंदच झाला. "रोज तेच, व्यंकटरावांना चालेल का," हे मी चार वेळा वाचलं. दोन दिवस मी तो आनंद भोगला. ताटातला दोडका चाटूनपुसून खाल्ला. मामींनी कारल्याची भाजी वाढली, मी नको म्हणून हात आडवा धरला, तर त्यांनी माझा हात बाजूला सारून दुप्पट वाढली. "घ्यावंच लागंल, माझ्या गळ्याची आण," म्हणाल्या. आयुष्यात इतकं कडू काही खाल्लं न्हाई, पण बसून सगळं खाल्लं. डॉक्टरनं ठरवून दिलंय तसंच जेवतो, वेळेवर जेवतो, गोळीच्या आधी पोटात काही असतं. मामी समोर बसून असतात.

तिसऱ्या दिवशी तसंच जेवत होतो, मामी समोरच, आणि तुमच्या पत्राच्या शेवटचं 'पोट भरलं का' आठवलं. तोंडातला घास मी पाण्यासंगं गिळला. त्या दिवशी न्हाई सांगितलं त्यांना. त्याच्या दुसऱ्या दिवशीही न्हाई. खोटं कशाला बोलू, सांगितलं तर त्या जातील हे मला ठाऊक होतं. आता कुठं त्यांची पिशवी माझ्या घरच्या खुंटीला नीट लागली होती.

काल सांगितलं. सगळं न्हाई, शेवटचं तेवढंच. मामी भाकरी थापत होत्या. हात पिठात तसाच राहिला, तव्यावरची भाकरी करपली. म्हणाल्या, "ते नको म्हणायचे, मला वाटलं त्यांना नकोच असतंय." जरा वेळानं परत तेच म्हणाल्या. मग हात धुतले आणि मुदखेडला जायला मला नांदेडच्या बसची वेळ विचारली.

सिंधु म्हणाली, दोन दिवस थांब, आई. तुमचा हेवा आज बी वाटतोय, आत्ता या घडीला बी वाटतोय, रागावू नका. मी स्वतः इथवर सोडायला आलो ते त्यांनी वाटेत विचार बदलावा म्हणूनच, असं सिंधुचं म्हणणं. असंल बी. रविवारी त्यांना न्यायला यायचं असं मी ठरवलं होतं. आता राहू द्या, त्यांचं मन भरलं की तुम्हीच कळवा.

नांदेडची बस लागलीय. मामी शेजारीच बसल्यात, पिशवी मांडीवर घेऊन. मघाशी त्यांनी मला विचारलं, "व्यंकटराव, दयानंदरावांना काय आवडतं हो? खायला, मनापासून?"

मी लई आठवून बघितलं. इतकी वर्षं एका पंगतीला बसलो आपण, पण मला सांगता आलं न्हाई. सिंधुला फोन लावून विचारलं, तिलाही ठाऊक न्हाई. अनुसयाला विचारलं, तर ती म्हणाली, ते कधी सांगतच न्हाईत.

मामी आल्या की पहिलं तेच विचारतील. सांगा त्यांना.

व्यंकट